मुद्रिका, अडगळ आणि दुसरी न्याहारी : कोल्हापुरातील चाहत्यांसाठी धागा

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार.

गेल्या महिन्यात रंकाळ्यावर संध्याकाळी फिरताना एका मुलाच्या सदऱ्यावर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील गोंडोर राज्याचे पांढरे झाड आणि त्यावरचे सात तारे दिसले. मी दहा-बारा पावले त्याच्या मागे गेलो. बोलावेसे फार वाटले, पण पन्नाशीच्या माणसाने अनोळखी मुलाला थांबवून विचारायचे तरी काय, या संकोचाने परत फिरलो. तो मुलगा हे वाचत असेल, तर हा धागा त्याच्यासाठीच काढला आहे असे त्याने समजावे.

२००१, २००२ आणि २००३ या तीन वर्षांच्या डिसेंबरात आलेले ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन चित्रपट, त्यांचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन, तिसऱ्या भागाला मिळालेली अकरा नामांकने आणि अकराही ऑस्कर, हे सारे येथे नव्याने सांगण्याची गरज नाही. कथाही ठाऊकच आहे : सर्वांना मोहात पाडणारी एक मुद्रिका नष्ट करायला फ्रोडो हा हॉबिट, म्हणजे केसाळ पायांच्या बुटक्या लोकांपैकी एक, सॅम या सोबत्यासह निघतो. मला दोनच गोष्टींवर बोलायचे आहे. या चित्रपटांवर आपण जे विनोद करतो ते, आणि या चित्रपटांपायी आपण घरात ज्या वस्तू आणून ठेवतो त्या. घरच्यांना दोन्ही गोष्टी पोरखेळ वाटतात. मला तसे वाटत नाही.

आधी वस्तूंविषयी. मूळ कादंबरीचे लेखक टॉल्किन यांनी हॉबिटांच्या बोलीत ‘मॅथम’ असा एक शब्द ठेवला आहे. जिचा आज काही उपयोग नाही, पण जी टाकून द्यायलाही मन धजत नाही, अशी वस्तू म्हणजे मॅथम. हॉबिटांच्या घरांत अशा वस्तूंची दाटी असे आणि भेटी म्हणून त्या या घरातून त्या घरात फिरत राहत. मिशेल डेल्व्हिंग या गावी तर मॅथमांचे संग्रहालयच होते, आणि फ्रोडोच्या आधी मुद्रिका ज्याच्याकडे होती त्या बिल्बोने आपले मिथ्रिल या मौल्यवान धातूचे चिलखत तेथे ठेवायला दिले होते. आपल्याकडे अशा वस्तूंना अडगळ म्हणतात, पण अडगळ या शब्दात कपाळावरची आठी आहे आणि मॅथममध्ये माया आहे. माझ्या आजीच्या मंगळवार पेठेतील घरी माळ्यावर एक पितळी पानपुडा होता. त्याचे झाकण केव्हाच हरवले होते. दर दिवाळीला ती तो खाली उतरवी, चिंचेने घासून लख्ख करी आणि पुन्हा माळ्यावर ठेवून देई. मॅथम म्हणजे काय, हे मला पुस्तकाच्या आधी तिने शिकवले.

माझ्याकडे फार वस्तू नाहीत. पहिल्या भागाच्या विस्तारित आवृत्तीच्या भेटसंचाबरोबर आर्गोनाथच्या, म्हणजे नदीच्या दोन काठांवर हात पुढे करून उभ्या असलेल्या दगडी राजांचे, पुस्तकांना टेकू देणारे पुतळे येत असत (दुसऱ्या भागाबरोबर गॉलम येई आणि तिसऱ्याबरोबर मिनास तिरिथ नगरी). तो पहिला संच माझ्या मावसभावाने परदेशातून पाठवला. खोके उघडले तेव्हा एका राजाचा पुढे केलेला हात मनगटापाशी तुटलेला होता आणि दोन बोटांचा भुगा झाला होता. ज्यांनी माल पोहोचवला त्यांनी हात वर केले. चार दिवस मला जेवण गोड लागले नाही. शेवटी तो राजा जुन्या टॉवेलात गुंडाळून मी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत घेऊन गेलो. श्रावण लागायचा होता, कारखान्यात गणपतींच्या रांगा लागल्या होत्या. तेथील कारागिरांनी तो हात उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारले, “हा आशीर्वाद देतोय की थांब म्हणतोय?” मी म्हणालो, थांब म्हणतो आहे. ते म्हणाले, “मग बोटं जरा ताठ पाहिजेत. आशीर्वादाची बोटं सैल असतात.” तारेचा तुकडा आत घालून, त्यावर लांबी चढवून, कोरणीने नखे काढून त्यांनी ती दोन बोटे केली, आणि करड्या रंगात काळा व किंचित हिरवा मिसळून दगडाचा रंग असा जमवला, की आज जोड कोठे आहे हे मलाच शोधावे लागते. आलेल्या पाहुण्याला मी आधी तोच राजा दाखवतो, कारण दुसरा विकत मिळालेला आहे आणि हा कोल्हापुरात बरा झालेला आहे.

माझे म्हणणे याच अनुभवातून आले आहे. हे चित्रपट संगणकाने केले असे लोक समजतात, पण त्यांचा मोठा भाग हाताने घडलेला आहे. न्यूझीलंडमधील वेलिंग्टनच्या वेटा कार्यशाळेत प्लास्टिकच्या नळ्यांचे काप करून, त्या कड्या एकेक करून हातांनी गुंफून साखळीची चिलखते तयार झाली. दुसऱ्या भागातील लढाईचा हेल्म्स डीप हा किल्ला १:३५ या प्रमाणात घडवून त्यावर कॅमेरा फिरवला गेला. हॉबिटांचे केसाळ पाय रोज पहाटे अभिनेत्यांच्या पायांना नव्याने चिकटवावे लागत. हे वाचताना ज्याला बाबूराव पेंटर आठवणार नाहीत तो कोल्हापूरकर कसला? ज्या गावात माणसाने स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२० साली त्याच कॅमेऱ्याने ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, ज्या गावात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, त्या गावातील चाहत्यांनी केवळ खोकी मागवून फळीवर ठेवावीत, हे मला पुरेसे वाटत नाही. विनोदाचेही तसेच आहे. इंग्रजीतून आलेले चित्र पुढे पाठवण्यात मजा आहे, पण तोच विनोद महाद्वार रोडवर आणून उभा केला, की तो आपला होतो.

तेव्हा या धाग्यावर आपण केलेले विनोद आणि शक्यतो आपल्या किंवा आपल्या गावाच्या हाताचा स्पर्श झालेल्या वस्तू मांडाव्यात, ही विनंती.

दुसरी_न्याहारी

माझे सदस्यनामच या विषयातून आले आहे, त्यामुळे पहिला प्रतिसाद माझा असायला हवा होता आणि तो आहे, याचा आनंद वाटतो.

पहिल्या चित्रपटात वाटाड्या झालेला ॲरागॉर्न चालत राहायला सांगतो, तेव्हा न्याहारी झाली हे मान्य करून पिपिन हा हॉबिट दुसऱ्या न्याहारीची चौकशी करतो, आणि मग अकराचे खाणे, दुपारचे जेवण, चहा, रात्रीचे जेवण आणि शेवटचे खाणे यांची यादीच वाचतो. हा प्रसंग जगभर विनोदाचा विषय झाला आहे. आमच्या घरी मात्र तो विनोदाच्याही आधी वेळापत्रक म्हणून स्वीकारला गेला. सकाळी सातला चहा आणि खारी ही पहिली न्याहारी. साडेनऊला मिसळ ही दुसरी, आणि तीही पाव संपल्यावर कट मागून घेण्याच्या अटीसह. अकराला ताक. दुपारी जेवण, चारला चहा आणि भडंग, रात्री तांबडा-पांढरा, आणि झोपण्यापूर्वी दूध कट्ट्यावर जाऊन समोर काढलेले म्हशीचे फेसाळ दूध. सात झाले. मी हा तक्ता पांढऱ्या रंगाच्या पाटीवर सुलेखनात लिहून स्वयंपाकघरात लावला आहे. माझ्या सासूबाईंनी चित्रपट पाहिलेला नाही, पण पाटी वाचून त्या म्हणाल्या की हे लोक आपल्याच जिल्ह्यातले दिसतात.

आणखी एक सांगायचे आहे. रोहन या राज्याच्या घोडेस्वारांची कामे करणाऱ्यांत दाढ्या लावलेल्या कित्येक स्त्रिया होत्या, कारण न्यूझीलंडमध्ये उत्तम घोडेस्वारी करणाऱ्यांत त्यांचा भरणा होता. कथेत रोहनच्या राजाची भाची एओविन शिरस्त्राण घालून पुरुषांत मिसळते, आणि तिच्या भोवतीच्या दाढीवाल्यांतही स्त्रियाच होत्या, हे कळल्यापासून तिसऱ्या भागातील ती दौड मी बसून पाहू शकत नाही. उभी राहते.

लेथवाला

धागाकर्त्यांचा कुंभार गल्लीचा अनुभव वाचून राहवले नाही. मी उद्यमनगरात पंचवीस वर्षे लेथ चालवतो. चित्रपट मुलीमुळे पाहिले, आणि नंतर मुलगी मागे राहिली व मीच पुढे गेलो.

चित्रपटातील मुद्रिका न्यूझीलंडमधील नेल्सन येथील येन्स हॅन्सन या सोनारांच्या दुकानात घडली. १९९९ साली त्यांचे निधन झाले आणि पुढचे काम त्यांच्या मुलाने पाहिले. वेगवेगळ्या मापांच्या मिळून सुमारे चाळीस अंगठ्या केल्या गेल्या, कारण फ्रोडोच्या बोटाची वेगळी, साखळीत घालायची वेगळी. अगदी जवळून टिपण्यासाठी तर २० सेंटिमीटर व्यासाची एक करावी लागली, आणि ती सोन्यात न घडवता दुसऱ्या धातूत घडवून तिच्यावर सोन्याचा मुलामा दिला. हे वाचले त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत सर्वांना सांगितले की हे काम आपले आहे.

मुलीसाठी मी पहिली अंगठी पितळेची केली. ती सुंदर झाली, पण आठवडाभरात तिचे बोट हिरवे पडले. पितळेत तांबे असते, घाम लागला की ते हिरवे उतरते. दुसऱ्या अंगठीच्या वेळी मला एक गोष्ट समजली आणि त्याने सगळा विचारच बदलला. बिल्बो घर सोडताना अंगठी हातातून खाली टाकतो, तेव्हा ती उसळत नाही, घरंगळत नाही, जागच्या जागी बसते, जणू तिचे वजन मणभर आहे. ही जादू जमिनीखालच्या चुंबकाची आहे. पितळेला चुंबक धरत नाही, म्हणून मी माइल्ड स्टीलचा पंचवीस मिलिमीटरचा बार घेतला. फेसिंग केले, ड्रिल मारले, एकोणीसपर्यंत बोअर केला. कठीण काम आतल्या गोलाईचे होते. अंगठीला बाहेरून जशी गोलाई असते तशीच आतूनही हवी, कोठे धार लागता कामा नये, नाहीतर ती वॉशर दिसते. त्यासाठी टूल हाताने घासून त्याला गोल तोंड काढले. पार्टिंग करून जॉब उलटा बांधला, दुसरी बाजू तशीच केली, आणि शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने तेल लावून इतका वेळ घासले की त्यात ट्यूबलाइट दिसू लागली. आठ ग्रॅम भरली.

मग जुन्या स्पीकरचे गोल चुंबक पातळ प्लायच्या पाटाखाली चिकटवले. मुलीला समोर बसवले आणि अंगठी हातभर उंचीवरून सोडली. ठप्प. हलली नाही. मुलगी काही बोलली नाही, तिने ती उचलून मला परत दिली आणि म्हणाली, “अजून एकदा, पप्पा.” त्या संध्याकाळी आम्ही ती चाळीस-पन्नास वेळा तरी टाकली असेल.

मुलामा अजून बाकी आहे.

गुजरीतला_एक

लेथवाले साहेब, पोलादावर सोने थेट धरत नाही. आधी तांब्याचा थर, मग निकेलचा आणि शेवटी सोने, असे करावे लागते. ही घाई केली तर महिन्याभरात पापुद्रे सुटतील. अंगठी गुजरीत, आमच्या सराफ बाजारात, घेऊन या, हे काम कोण नीट करते ते मी दाखवतो.

एक खुलासा सर्वांसाठी करतो. बाजारात मिळणाऱ्या अंगठ्यांवर ती अग्नीसारखी अक्षरे कोरलेली असतात, आणि कोरीव नसेल तर ती ‘खरी’ नाही असे ग्राहक समजतात. प्रत्यक्षात चित्रीकरणासाठी केलेल्या अंगठ्या कोऱ्या होत्या. अक्षरे नंतर संगणकाने उमटवली. कथेतही ती विस्तवात टाकल्यावरच दिसतात. त्यामुळे कोरी, जाड, गोल अंगठी हीच चित्रपटाशी प्रामाणिक आहे, आणि आमच्या धंद्यात कोऱ्या सोन्याला झाकायला जागा नसते म्हणून ती घडवायलाही अधिक अवघड असते.

जुना_वाचक

धागा वाचतो आहे आणि वस्तूंच्या बाबतीत माझे मत हळूहळू बदलते आहे, हे कबूल करतो. विनोदाच्या बाबतीत मात्र माझी हरकत आहे. ज्या कथेत बोरोमिरसारखा योद्धा मुद्रिकेच्या मोहात सापडून पडतो आणि मग दोन हॉबिटांसाठी बाण झेलत मरतो, त्याच्याच चेहऱ्यावर कोणीही उठून कसलीही ओळ चिकटवतो, याने मला त्रास होतो. मुद्रिकेच्या मोहापायी मनाने दुभंगलेल्या गॉलमचे तर खेळणेच झाले आहे. त्या प्राण्याची करुणा ज्याला कळली तो त्याच्या आवाजाची नक्कल करून टाळ्या मिळवू शकेल का, असा प्रश्न मला पडतो.

पंचगंगाकाठ

जुना_वाचक, आपली हरकत मनापासून आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

शत्रूच्या देशाविषयी बोरोमिर म्हणतो त्या ‘मॉर्डॉरमध्ये असे सहज चालत जाता येत नाही’ या ओळीवर जगभर किती विनोद झाले ते आपण जाणता. पण त्या प्रसंगी बोरोमिर झालेल्या शॉन बीन यांच्या हाती संवाद इतके उशिरा आले होते की कागद गुडघ्यावर ठेवून ते बोलत होते आणि मधूनमधून नजर खाली जात होती. कपाळाला हात लावून जड मनाने बोलणारा, अनर्थ ओळखून असलेला जो माणूस आपल्याला दिसतो, त्याची ती खाली गेलेली नजर खरे तर कागदावर होती. हेलिकॉप्टरची धास्ती असल्याने हेच बीन पुढे डोंगरावरील चित्रीकरणाला पूर्ण वेशभूषेत चालत चढून जात. हे ठाऊक असलेला चाहता जेव्हा त्या ओळीवर हसतो, तेव्हा त्याच्या हसण्यात बोरोमिरविषयीची माया कमी झालेली नसते, उलट अभिनेत्यावरचीही तिच्यात मिळालेली असते. विस्तारित आवृत्त्यांच्या शेवटी चाहता मंडळाच्या सभासदांची नावे मिनिटांमागून मिनिटे पडद्यावर सरकत राहतात. ज्यांनी चित्रपट केला त्यांनी आपल्या घरात आपल्यासाठी पाट मांडला आहे. पाटावर बसलेला माणूस यजमानाची थोडी थट्टा करतो, तेवढी ही थट्टा आहे.

गॉलमविषयी मात्र आपण म्हणता ते मला पटते, आणि त्याचा उपाय मला मराठीत सापडला. गॉलम साकारणाऱ्या अँडी सर्किस यांना तो आवाज घशात केस अडकलेल्या मांजराच्या खोकण्यावरून सुचला, आणि घसा टिकावा म्हणून ते मध, लिंबू व आले घातलेले पाणी पीत. नक्कल करणारे तो आवाज तेवढा घेतात. पण गॉलमला मराठीत बोलायला लावून पाहा. तो स्वतःला ‘मी’ म्हणत नाही, ‘आम्ही’ म्हणतो, हे इंग्रजीत एकाच शब्दात उरकते. मराठीत मात्र आपल्यापुढे लगेच प्रश्न उभा राहतो, की ‘आम्ही’ की ‘आपण’? फ्रोडोशी बोलताना तो ‘आम्हाला द्या’ म्हणेल, कारण तेथे फ्रोडो परका आहे. एकांतात स्वतःशी बोलताना मात्र तो ‘आपल्याला पाहिजे ते, सोन्या’ असे म्हणेल, कारण तेथे ऐकणाराही तोच आहे. दुसऱ्या चित्रपटात रात्री फ्रोडो आणि सॅम झोपले असताना तो स्वतःशीच भांडतो आणि कॅमेरा एकदा या बाजूने व एकदा त्या बाजूने त्याला दाखवतो. मराठीत त्या भांडणाच्या ऐन टोकाला ‘आपण’ तुटून ‘तू’ आणि ‘मी’ होतात. ‘तू जा. परत येऊ नकोस.’ हा बदल मी पहिल्यांदा मोठ्याने म्हणून पाहिला तेव्हा माझ्या घशात आवंढा आला. मग पत्नीला म्हणून दाखवला, आणि ती हसली, कारण ‘सोन्या’ हा शब्द आमच्याकडे नातवाला लाडाने म्हणतात. हसून झाल्यावर मात्र ती गप्प झाली. नक्कल अशी व्हावी, एवढेच मला म्हणायचे आहे. मुग्धा कर्णिक यांचा ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा अनुवाद ज्यांनी वाचला नसेल त्यांनी अवश्य मिळवावा. आपल्या भाषेत ही माणसे किती सहज चालतात-बोलतात, ते कळेल.

जुना_वाचक

‘आपण’ तुटण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. त्या प्रसंगासाठी आज रात्री दुसरा भाग पुन्हा लावतो.

चप्पल_लाईन

आमच्या गटात फिरणारे तीन विनोद येथे नोंदवतो, म्हणजे ते हरवणार नाहीत. तिन्ही आमच्या मित्रांनीच केले आहेत.

पहिला आमच्या सदस्यनामाचा. भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाईनमध्ये फ्रोडो आणि सॅम उभे आहेत. दुकानदार विचारतात, “कितीचा नंबर दाखवू?” सॅम खाली स्वतःच्या केसाळ पायांकडे पाहून नम्रपणे सांगतो, “आमच्यात घालत नाहीत, मामा.” मामा दोघांना पाणी देतात आणि म्हणतात, “बसा तरी. लांबनं आलायसा.”

दुसरा धागाकर्त्यांच्या मनातील जागेचा आहे. ती ओळ म्हणतानाचा बोरोमिरचा हात आणि खाली ओळ : ‘वसुबारसेच्या संध्याकाळी महाद्वार रोडवरून असे सहज चालत जाता येत नाही.’ हे चित्र माझ्या काकूंनी छापून कपाटाला लावले आहे. त्यांना बोरोमिर कोण ते माहीत नाही, पण हा माणूस खरे बोलतो असे त्यांचे मत आहे.

तिसरा मला सर्वांत आवडतो. शहरातील टोलविरुद्ध कोल्हापूर अनेक वर्षे रस्त्यावर उतरले आणि २०१५ च्या अखेरीस तो टोल गेला, हे सर्वांना आठवते. बंद पडलेल्या नाक्यावर जादूगार गॅन्डाल्फ काठी टेकून उभा आहे. चित्रपटात पुलावर वाट अडवून त्याने ‘पुढे जाऊ देणार नाही’ अशी जी आरोळी ठोकली तिची साऱ्या जगाने नक्कल केली, पण येथे तो बाजूला सरकून हात दाखवतो आणि म्हणतो, “जावा आता निवांत.”

किल्लेदार

आमच्या गल्लीत दोन वर्षांपूर्वी मुलांनी दिवाळीत हेल्म्स डीप बांधण्याचा हट्ट धरला. मी ठाम नकार दिला. दिवाळीचा किल्ला हा महाराजांचा किल्ला असतो आणि त्याच्या सिंहासनाच्या जागी दुसरे काही येऊ शकत नाही, असे माझे मत आहे आणि ते तसेच राहील. मुले हिरमुसली. मग मी त्यांना म्हणालो की दिवाळीत पन्हाळा करा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ते तुमचे करा.

त्यांनी खरोखर केले, तेही गच्चीवर. पन्हाळ्यासाठी शिकलेले सारे तंत्र तेथे कामाला आले : विटांच्या तुकड्यांचा गाभा, त्यावर चिखलात बुडवलेले पोते, मग चाळलेल्या मातीचा हात. धाग्यात १:३५ चा उल्लेख वाचला. त्या प्रमाणात पुरुषभर उंचीचा माणूस साधारण पाच सेंटिमीटर होतो, म्हणजे आपल्या मातीच्या मावळ्यांएवढाच. भिंतीच्या पायथ्याची मोरी, जिथून सुरुंग लावून भिंत उडवतात, ती मुलांनी पाइपच्या तुकड्याने केली, आणि भिंतीचा तेवढा भाग सुटा ठेवला, म्हणजे दोरी ओढली की तो कोसळे. तो कोसळताना पाहायला मोठी माणसे वर येत.

चाहत्यांना एक विनंती आहे. अरुंद पुलावर एकट्याने उभे राहून मागच्यांना वाचवणारा गॅन्डाल्फ पाहिल्यावर कोल्हापूरच्या माणसाला १६६० चा जुलै आणि पावनखिंड आठवल्यावाचून राहत नाही. मलाही आठवली, आणि चित्रपटगृहातून बाहेर पडताना मी बोलू शकलो नाही. ती आठवण मनात ठेवावी. त्यावर चित्रे करू नयेत.

चप्पल_लाईन

किल्लेदार काका, आमच्या गटाने हे आधीपासून पाळले आहे आणि पुढेही पाळेल.

तिसऱ्या_वर्षाला

मी वसतिगृहात राहते. माझ्याकडे एकच वस्तू आहे, सोळा सेंटिमीटरचा ॲरागॉर्न. तो स्वस्तात मिळाला म्हणून मागवला, आणि आला तेव्हा त्याची तलवार वाळलेल्या शेंगेसारखी वाकलेली होती, चेहऱ्यावर टाचणीएवढे खड्डे होते, आणि खोक्यावरचे छायाचित्र धुरकट होते. विक्रेत्याने उत्तर दिले नाही. ही वस्तू नकली आहे का? आणि असल्यास मी ती ठेवावी का? येथे सर्वांकडे इतक्या सुंदर वस्तू आहेत की विचारताना संकोच वाटतो.

लेथवाला

संकोच कसला, बाळ. तलवार सरळ होते. कपात गरम पाणी घे, उकळते नको, हात लावता येणार नाही इतपत पुरे. तलवार तेवढी अर्धा मिनिट बुडव, बाहेर काढून पट्टीवर सपाट दाब आणि तशीच धरून गार पाण्यात घाल. एकदा जमले नाही तर पुन्हा कर, पण जोर लावू नकोस.

पंचगंगाकाठ

वर्णनावरून ती मूळ पुतळ्याचा साचा काढून ओतलेली नक्कल असावी. साच्यात ओतताना हवा अडकली की चेहऱ्यावर असे खड्डे राहतात, आणि नकलेची नक्कल करताना नाक-डोळ्यांची धार मरते. यापुढे घेताना विक्रेत्याकडे प्रत्यक्ष वस्तूच्या चेहऱ्याचे जवळून घेतलेले छायाचित्र मागावे आणि न दिल्यास घेऊ नये, कारण ज्यांनी मूळ पुतळा घडवला त्यांच्या कष्टाचे मोल नकलेतून त्यांना मिळत नाही.

पण जो घरी आला आहे त्याला ठेवा. ते खड्डे लांबीने भरा, बारीक कागदाने घासा, वर पातळ प्रायमर द्या. रंगवताना शेवटी पातळ तपकिरी रंग सर्वांगावर फिरवून लगेच पुसून घ्या, म्हणजे तो सुरकुत्यांत आणि कपड्यांच्या चुण्यांत बसतो व चेहरा जिवंत होतो. दुसऱ्या चित्रपटात ॲरागॉर्न शिरस्त्राणाला लाथ मारतो तेव्हा ते काम करणाऱ्या व्हिगो मॉर्टेन्सन यांच्या पायाची दोन बोटे खरोखर मोडली होती आणि ती किंकाळी चित्रपटात तशीच आहे, हे येथील प्रत्येक चाहता प्रत्येक वेळी शेजारच्याला सांगतोच. तुमचाही ॲरागॉर्न थोडा मोडून उभा राहिलेला आहे.

पावसाळ्यात त्याची काळजी घ्या. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये बंद कपाटातही बुरशी येते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी कपाट उघडे टाका. पुतळा मात्र थेट उन्हात ठेवू नका, रंग पिवळा पडतो.

दुसरी_न्याहारी

२०२३ साली लेगोचा रिव्हेंडेल या एल्फांच्या वस्तीचा जो संच निघाला त्यात ६,१६७ तुकडे आहेत. माझ्या भावाने तो घेतला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून सतरा संध्याकाळी तो जुळवला. तिसऱ्या_वर्षाला, तुम्ही रविवारी आमच्याकडे या. संच पाहता येईल, रंग आणि कुंचले माझ्याकडे आहेत, आणि न्याहाऱ्यांचा तक्ता वर दिलेलाच आहे.

पंचगंगाकाठ

बिल्बो आणि फ्रोडो या दोघांचा वाढदिवस २२ सप्टेंबरला येतो, आणि हॉबिटांत ज्याचा वाढदिवस असतो तो भेटी घेत नाही, देतो. त्या दिवशी सायंकाळी रंकाळ्याच्या काठी भेटावे, आणि प्रत्येकाने आपल्या कपाटातील एक मॅथम दुसऱ्याला देण्यासाठी आणावे, असे सुचवतो. विकत आणलेली नवी वस्तू चालणार नाही. आपल्याकडे काही वर्षे राहिलेली हवी.

मी काय आणणार हे ठरवले आहे, म्हणून आधीच सांगतो. झाकण नसलेला एक पितळी पानपुडा आहे.

जुना_वाचक

मी येईन. दुसरा भाग काल पाहिला.

तिसऱ्या_वर्षाला

तलवार सरळ झाली. तिसऱ्या खेपेला झाली. ॲरागॉर्न देऊन टाकण्याइतका अजून माझा झालेला नाही, म्हणून वसतिगृहाच्या खिडकीत दोन वर्षे ठेवलेला एक गुळगुळीत पंचगंगेचा गोटा आणते. चालेल का?

किल्लेदार

चालेल की. मातीचे पाच सेंटिमीटरचे एल्फ धनुर्धारी आमच्या मुलांकडून बारा नग येत आहेत.

लेथवाला

गुजरीतून काल अंगठी आली. तांबे, निकेल, सोने, तिन्ही थर नीट बसले आहेत. मुलीने रात्री ती बोटात घातली आणि मग काढून माझ्या हातावर ठेवली. ती म्हणते, आपण बघून-बघून घेतली आहे, आता द्यायला हरकत नाही. २२ तारखेला अंगठी आणतो. पाट आणि चुंबकही सोबत आणतो, ते ज्याला अंगठी मिळेल त्याच्याबरोबर जाईल.